थांबा नसलेल्या जागी

वैजयंता शिनगारे माझ्या गाडीवर कंडक्टर म्हणून आल्या, तेव्हा डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांनी मला सावध केलं होतं. बाई तोंडाच्या फटकळ आहेत, ड्रायव्हरला चहासुद्धा उभ्यानंच प्यायला लावतात, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण पुढं कित्येक वर्षं आम्ही एकाच गाडीवर काढली आणि त्यांच्यासारखा सोबती मला नंतर मिळाला नाही.

सकाळी परंड्याहून निघायचं, बार्शी, येडशी करत धाराशिव गाठायचं, तसंच मागं यायचं आणि दुपारनंतर कुर्डुवाडीची एक फेरी मारायची, ही आमची ड्यूटी. बाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. साडीवर खाकी कोट आणि त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गाडी निम्मी रिकामी असली तरी बसायच्या नाहीत. कंडक्टर बसला की माणसं त्याला विसरतात, असं म्हणायच्या. पहिल्या सीटच्या दांड्याला पाठ टेकवून उभ्या राहायच्या आणि तिथून अख्ख्या गाडीवर नजर. कोणाची पोरगी बार्शीच्या कॉलेजात आहे, कोण कोर्टाच्या तारखेला चाललंय, कोणाची सून माहेरी जाऊन बसलीय, सगळं त्यांना ठाऊक.

एकदा बायकांच्या राखीव सीटवर एक दांडगा तरणा गडी बसला होता. शेजारी एक बाई कडेवर लेकरू घेऊन लोंबकळत उभी. चारजणांनी सांगून पाहिलं, पण तो मोबाइलमधून मान वर करेना. शिनगारेबाई त्याच्याजवळ गेल्या, तिकीट हातात दिलं आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा काळजीच्या आवाजात विचारलं, "कितवा महिना?" तो गडी उठला तो थेट मागच्या दांड्याला जाऊन उभा राहिला. गाडी बार्शीपर्यंत हसत होती. बाई मात्र हसल्या नाहीत, पुढच्याचं तिकीट काढायला लागल्या.

अशा या बाई ड्यूटीवर पाणी पीत नसत. माझ्या हे लक्षात यायलाही बरेच दिवस लागले. डबा खायच्या, पण भाकरीबरोबर पाण्याचा घोट नाही. भर उन्हाळ्यात ओठ फुटायचे, जीभ कोरडी पडून आवाज चिरका व्हायचा, तरी नाही. मी एकदा बाटली पुढं केली तर म्हणाल्या, "प्यायचं सोपं हाय दादा. पुढचं कुठं करू?"

आम्हा पुरुषांना कुठलंही झाड चालायचं. आमच्या वाटेवरच्या दोन स्टँडांवर बायकांच्या संडासाला कुलूप असायचं, तिसऱ्या ठिकाणी दाराला कडी नव्हती. म्हणून बाई सकाळी घरून निघताना जाऊन यायच्या ते घरी परतल्यावरच. वर्षानुवर्षं हेच. डेपोतल्या बाकीच्या बायकाही तेच करत होत्या, त्यामुळं त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

मग लघवीची जळजळ सुरू झाली. पहिल्यांदा त्या डॉक्टरकडं गेल्या. त्यांनी गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं. गोळ्यांनी आराम पडला. पाणी काही वाढलं नाही, त्यामुळं जळजळ परत आली. दुसऱ्या वेळी त्या डॉक्टरकडं न जाता गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन थेट मेडिकलमध्ये गेल्या. त्यानं तीच गोळी दिली. पुढं पुढं पाकीटही न्यावं लागेना, नाव पाठ झालं होतं. थोडं बरं वाटलं की गोळ्या बंद करायच्या, उरलेल्या पर्समध्ये ठेवायच्या आणि पुन्हा त्रास झाला की त्याच घ्यायच्या. एकदा गोळीनं गुण येईना, तेव्हा मेडिकलवाल्यानं त्यापेक्षा भारी गोळी दिली. बाई खूश होत्या. डॉक्टरकडं नंबर लावून ड्यूटी बुडवावी लागत नाही, असं मला सांगत होत्या.

त्या भारी गोळ्यांनंतरच पोट बिघडलं.

सुरुवातीला त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही. मला कळलं ते बेलवरून. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एका सकाळी बार्शी सोडून आम्ही येडशीच्या रस्त्याला लागलो होतो. आजूबाजूला ज्वारीची रानं, गाव नाही, फाटा नाही, आणि एक बेल झाली. कोणी उतरणारं असेल म्हणून मी गाडी कडेला घेतली. आरशात पाहिलं तर बाईच उतरून रानात चालल्या होत्या, झपझप, मागं न बघता. परत आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. दोन बेल दिल्या आणि दांड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

मग हे रोजचं झालं. कधी एकदा, कधी त्याहून जास्त. मी गाडी चालवता चालवता कान बेलकडं लावून असायचो. दाट ज्वारी कुठं आहे, कुठं आडोसा आहे, कुठं नुसतं उघडं माळरान आहे, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली, तेव्हा मी बाभळी आणि ओढ्याचे काठ हेरून ठेवायला लागलो.

बाईंनी डबा आणणं सोडलं. आधी दूध बंद, मग डाळ बंद, मग भाजी. कोणी म्हणालं गव्हानं होतं, चपाती बंद. कोणी म्हणालं ताक घेऊ नका, ताक बंद. शेवटी नुसता भात आणि साबुदाण्याची लापशी राहिली. टीव्हीवरची जाहिरात बघून कसलीशी पोट सुधारणारी महागाची पावडर आणली, तिचाही गुण येईना. जुलाब थांबवायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून दिवसभर घ्यायच्या. त्या घेतल्या की तास-दोन तास बरे जायचे, पण पोट टम्म फुगायचं आणि कळा यायच्या. भरलेली बाई महिन्या-दोन महिन्यांत निम्मी झाली. खाकी कोट अंगावर लोंबायला लागला.

गाडी उशिरा पोचायला लागली तशी तक्रार झाली. धाराशिवच्या कचेरीत रोज जाणाऱ्या एका प्रवाशानं लेखी दिलं, की कंडक्टर वाटेल तिथं गाडी थांबवतात. साहेबांनी दोघांना बोलावलं. बाई मान खाली घालून उभ्या. ज्या बाईनं आयुष्यात कधी समोरच्याचं ऐकून घेतलं नव्हतं, ती गप्प उभी होती. साहेब वाईट नव्हते. कारण सांगा, म्हणत होते. गाडी गरम होते म्हणून मीच थांबवतो, असं मी सांगून टाकलं. साहेबांनी वर्कशॉपला गाडी दाखवायला सांगितली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, बाई, मोठ्या डॉक्टरला दाखवा. त्या म्हणाल्या, "काय सांगू त्याला? म्या बाई मानूस, भर रस्त्यात गाडी थांबवून रानात पळते म्हनून सांगू?" मग म्हणाल्या, पोट आहे, बिघडतं, सुधरतं.

सुधरलं नाही. एक दिवस सकाळपासून त्यांना कणकण होती. मी सुट्टी घ्या म्हणालो, तर हजेरी लागलीय म्हणून चढल्या. गाडी गच्च भरलेली. बार्शीच्या पुढं त्यांनी गाडी थांबवली, परत आल्या, पुन्हा थांबवली. येडशीच्या अलीकडं मी आरशात पाहिलं तर बाई खाली बसल्या होत्या. कंडक्टर बसला की माणसं विसरतात म्हणणाऱ्या बाई दोन सीटांच्या मधे, तिकिटाचं मशीन मांडीवर घेऊन, जमिनीवर बसल्या होत्या. माझा पाय ब्रेकवर गेला तोवर त्या कलंडल्या.

बायका धावल्या. कोणी तोंडावर पाणी मारलं. हात बर्फासारखे गार आणि कपाळ तापलेलं. साडी खराब झाली होती. एका म्हातारीनं आपल्या डोक्यावरचं लुगड्याचं धडपं सोडून त्यांच्या अंगावर टाकलं आणि पुरुषांना मागं सरकायला लावलं. माझ्यापुढं प्रश्न होता, मागं बार्शीला न्यायचं की पुढं धाराशिवला. धाराशिव जवळ होतं. मी प्रवाशांना सांगितलं, आता गाडी मधे कुठंच थांबणार नाही, सरळ दवाखान्यात जाईल. येडशीला उतरणारे बरेच होते. ज्यानं तक्रार दिली होती तो प्रवासीही गाडीत होता. तोच पहिल्यांदा म्हणाला, "चला, ड्रायव्हरसाहेब. आम्ही बघतो आमचं."

इतकी वर्षं गाडी चालवली, पण तो रस्ता मला आजही तुकड्यातुकड्यांत आठवतो. हॉर्नवरून हात काढला नाही. मागून म्हातारीचा आवाज येत होता, "अगं बोल की, बाई, नाव सांग तुझं." आणि बाई काही बोलत नव्हत्या. येडशीचा थांबा मागं पडला, तेव्हा थांब्यावरच्या माणसांनी हात केले. मी तोंड फिरवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्याहून लहान, कमी बोलणाऱ्या. सलाइन लावली, रक्त घेतलं आणि मला विचारलं, काय काय औषधं घेत होत्या. मला पाकिटाचा रंग सांगता आला, नाव सांगता आलं नाही. बाईंची पर्स उघडली तर निरनिराळ्या अर्धवट पाकिटांचा ढीग निघाला. डॉक्टरीणबाईंनी ती टेबलावर मांडली आणि एकेकाचं नाव कागदावर उतरवून घेतलं. जुलाब थांबवायची गोळी त्यांनी बाजूला काढली. ही ताबडतोब बंद, म्हणाल्या. जे विष बाहेर पडायला हवं ते या गोळीनं आतच कोंडून राहिलंय.

संध्याकाळपर्यंत बाईंचे मालक अंकुशराव परंड्याहून आले. परंड्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान, हाताला काळे डाग तसेच. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं की किडनीवर ताण आलाय, रक्तदाब फार खाली गेलाय, पुढचे दोन दिवस मी कसलीच खात्री देऊ शकत नाही. अंकुशराव "बरं" म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "जुलाबानं मानूस जातं व्हय?"

शौचाच्या तपासणीत एक जंतू निघाला. त्याचं लांबलचक नाव मला घेता येत नाही. बाई शुद्धीवर आल्या, थोड्या टेकून बसायला लागल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं. आपल्या आतड्यात अगणित जिवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक आपल्या कामाचे असतात. ते अन्न पचवायला मदत करतात आणि वाईट जंतूला पाय रोवू देत नाहीत. तुम्ही जळजळीसाठी ज्या गोळ्या सारख्या घेतल्या, त्यांना चांगलं-वाईट कळत नाही. आतड्यातले कामाचे जिवाणूही त्यांनी मारले. जागा मोकळी झाली आणि हा एक तिथं माजला.

बाईंनी डोळे मिटूनच ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे सीटा रिकाम्या झाल्या आन् गुंड येऊन बसला." त्या आजारपणात डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या.

मग म्हणाल्या, त्याला उठवायला पुन्हा गोळीच द्यावी लागेल, पण ती वेगळी आहे, आतड्यातच राहून काम करते. ती एकही चुकवायची नाही आणि मनानं बंद करायची नाही. हात साबण-पाण्यानंच धुवायचे. खिशातल्या सॅनिटायझरनं हा जंतू मरत नाही. बाई दिवसभर सॅनिटायझर लावणाऱ्या, त्यांना हे पटायला वेळ लागला. अंकुशरावांनी घरचा संडास रोज ब्लीचिंग पावडरनं धुवायचं स्वतःकडं घेतलं. बायकोला कधी चहाचा कप उचलून न देणारा माणूस, पण ते काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

बाई घरी आल्या. जुलाब थांबले, चेहऱ्यावर थोडं पाणी आलं, डेपोत पेढे वाटले गेले. गोळ्या संपल्या आणि काही दिवसांतच जुलाब परत सुरू झाले. तोच जंतू.

तेव्हा मी भेटायला गेलो होतो. पहिल्या वेळी त्या शुद्धीतच नव्हत्या, त्यामुळं भ्यायला वेळ मिळाला नव्हता. आता त्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या होत्या. समोर ताटलीत मऊ भात गार होत होता. सासूबाई दारात बसून खा म्हणून विनवत होत्या.

"दादा, मला आता खायचीच भीती वाटायला लागलीय," बाई म्हणाल्या. "घास तोंडाजवळ नेते आन् परत ताटलीत ठिवते. मानसानं काय करावं?"

मी उगीच काहीतरी बोललो, बरं होईल वगैरे. त्यांनी ऐकलंही नाही. घरी जाताना मला पहिल्यांदा वाटलं, की ही बाई आता उठत नाही.

अंकुशरावांनी त्यांना पुन्हा धाराशिवला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा परत येतो, पुष्कळांना येतो, त्यात तुमची चूक नाही. या वेळी गोळी जास्त दिवस, हळूहळू कमी करत. आणि त्याहून अवघड काम दुसरं होतं. इतके दिवस जे जे सोडलं होतं ते परत खायला शिकायचं. कामाचे जिवाणू आपण खातो त्याच्यावरच वाढतात. भात आणि साबुदाणा खाऊन ते परत येणार नाहीत. बाईंनी विचारलं, ती टीव्हीवरची महागाची पावडर पुन्हा घेऊ का? तिची खात्री मी देत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात ज्वारी आहे ना?

आंबील आधी आली. ज्वारीचं पीठ भिजवून, आंबवून, पातळ शिजवलेली, वाटीच्या तळाला दिसेल इतकीच. दुसऱ्या दिवशीही तितकीच. मग घरचं दही, एक चमचा. मग मुगाचं वरण. एका वेळी एकच नवीन वस्तू, तीही दोन-तीन दिवस बघून. काही झालं तर घाबरून सगळं बंद करायचं नाही, फक्त तेवढंच मागं घ्यायचं. दूध प्यायल्या आणि पोट फुगलं, तेव्हा ते काही महिने लांब ठेवलं. पहिल्यांदा भाकरीचा कुटका खाल्ला त्या दिवशी त्या दुपारभर अंगणात येरझारा घालत राहिल्या. काही झालं नाही. अंकुशरावांनी मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "भाकरी बसली."

सहा-सात महिन्यांनी बाई ड्यूटीवर आल्या. पूर्वीची अंगलट परत आली नाही. तेलकट खाल्लं तर अजून पोट कुरकुरायचं, धास्ती पुरती गेली नव्हती, बार्शी सोडली की त्या रस्त्याकडं बघत राहायच्या. पण आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी सरळ साहेबांची केबिन गाठली. डेपोतल्या साऱ्या कंडक्टर बायकांना बरोबर घेतलं होतं. मी दारात होतो. पूर्वी मान खाली घालून उभी राहिलेली बाई या वेळी खुर्ची ओढून बसली.

"साहेब, गाडी गरम होत नव्हती," त्या म्हणाल्या. "मला जुलाब होत होते. आन् जुलाब का होत होते ते बी सांगते, बसा."

आणि त्यांनी सांगितलं. पाणी न पिणं, जळजळ, गोळ्या, ज्वारीचं रान, सगळं, आवाज न चढवता, पुरुषांच्या देखत. साहेबांच्या टेबलावर चहा आला होता, तो कोणी उचलला नाही. लगेच सगळं बदललं असं नाही. कडी बसली, एका ठिकाणचं कुलूप निघालं, दुसऱ्या ठिकाणचं काही दिवस निघून परत लागलं. पण ड्यूटीवर एखाद्या बाईनं पाच मिनिटं मागितली तर आमच्या डेपोत त्यानंतर कोणी कारण विचारलं नाही. आणि मेडिकलमध्ये कोणी पाकीट दाखवून गोळी मागताना दिसलं, की बाई त्याच्या हातातून ते काढून घ्यायच्या. त्या दुकानदाराशी त्यांचं कायमचं वाकडं झालं.

पुढं माझी बदली नळदुर्गच्या बाजूला झाली. भेटी कमी झाल्या, मग फोनही. माझ्या मुलाच्या लग्नाला त्या आल्या होत्या, तेव्हा गर्दीत बोलणं झालंच नाही.

गेल्या वर्षी मी धाराशिवच्या स्टँडात गाडी लावून सुटायची वाट बघत होतो. शेजारी परंड्याची गाडी उभी होती, खचाखच भरलेली, इंजिन चालू. आतून लोक ओरडत होते, एकजण खिडकीतून हात बडवत होता, ड्रायव्हर मान बाहेर काढून मागं बघत होता. दारात शिनगारेबाई उभ्या होत्या. केस बरेच पिकलेले. एक हात दाराच्या एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला, जणू गाडी त्यांनीच धरून ठेवलीय. मी काच खाली करून हाक मारणार होतो, तेवढ्यात स्टँडाच्या मागल्या अंगानं, संडासाकडून, एक माणूस येताना दिसला. उंच, वाळलेला, शर्ट अंगावर लटकलेला. पळत नव्हता, पळायचं त्राण नव्हतं. गाडीतला आरडाओरडा ऐकून त्याची मान आणखी खाली गेली. दाराशी येऊन तो काहीतरी पुटपुटला, माफी मागत असावा.

बाईंनी एक हात काढून त्याला वाट दिली. त्याच्याकडं बघितलं नाही. आत वळून, त्या जुन्या चिरक्या आवाजात, गाडीला म्हणाल्या, "गप बसा. पुढची सीट मोकळी करा."

गाडी गप बसली. माझी वेळ झाली होती, मागून माझ्या कंडक्टरनं दोन बेल दिल्या. मी गाडी काढली. निघता निघता शेजारच्या गाडीत पाहिलं, तर त्या माणसाला खिडकीशी बसवून त्या त्याच्या सीटपुढं पाठ करून उभ्या होत्या, म्हणजे गाडीतल्या कोणाला त्याचा चेहरा दिसू नये.